लग्नाचं नंतर, आधी तिचं ऐका

प्रश्न : मुलगी टीवायबीएस्सी फिजिक्सला आहे, ७८ टक्के मिळतात. धातूवर झोत मारून त्यातून उडणारे कण मोजायचे, असलं काही तिला करायचंय. रेडिएशनमुळे उद्या लग्न, मुलंबाळं यात अडचण येईल. त्यापेक्षा एलडीसीची, म्हणजे सरकारी कारकुनाची, जागा बरी. तिला समजवा. – एक पालक, फोंडा

उत्तर : तुमचं मूळ पत्र लांबलचक आहे. त्यात 'लग्न' पाच वेळा आलंय. तिला हे का आवडतं, ते एकदाही नाही. मला काळजी टक्क्यांची वाटली नाही, तुमची वाटली. तेव्हा समजावणार तुम्हालाच.

मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन आहे, म्हणजे कणांना वेग देऊन त्यांचा झोत बनवणारं यंत्र, १४ दशलक्ष व्होल्टचं. झोत लक्ष्यावर पडत असताना त्या दालनात कुणी नसतं. सगळे जाड भिंतीपलीकडे स्क्रीनसमोर. झोत थांबला की न्यूट्रॉनचा मारा थांबतो. लक्ष्य मात्र काही वेळ किरणोत्सारी राहू शकतं, म्हणून आधी मीटर लावायचा, मगच हात. छातीवरच्या बिल्ल्यात प्रत्येकाच्या डोसची नोंद होते. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (डोस मोजायचं एकक). गरोदरपणी नियम आणखी कडक.

ती करणार काय? मिठाईवरचा वर्ख आठवा. तसाच सोन्याचा, अर्ध्या मायक्रॉनचा, फुंकरीने फाटेल असा वर्ख लक्ष्य म्हणून चिमट्याने फ्रेमवर बसवायचा. समोर उडालेले कण टिपणारे सिलिकॉनचे दोन डिटेक्टर, एकामागे एक. पातळ पहिल्यात कण थोडी ऊर्जा टाकून पुढे जातो, जाड दुसऱ्यात थांबतो. दोन्ही आकडे आलेखावर मांडले की प्रोटॉन, ड्युटेरॉन, अल्फा या कणांचे केळ्यासारखे वाकडे पट्टे वेगवेगळे दिसतात. हे बघायला माणसं रात्र रात्र जागतात.

काळजीच करायची तर याची करा : पीएचडीची पाच-सहा वर्षं, कायमच्या जागा मोजक्या, आणि झोत मिळाला की रात्रपाळी ठरलेली. एखाद्या चवथीला ती घरी नसेलही.

एमएस्सीसाठी ताळगावचं गोवा विद्यापीठ किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा, पुढे पीएचडीसाठी नेट, जेस्ट, गेट या परीक्षा. हे तिला माझ्याआधी ठाऊक असणार. एलडीसीचा अर्ज तिला भरावासा वाटला तर भरू दे. तुमच्या समाधानासाठी नको.

आणि बाय, तुला एक विचारतो. लॅबमध्ये ऑसिलोस्कोपवर सिग्नल दिसेना झाला की तू सरांना हाक मारतेस, की आधी केबल बदलून बघतेस? उत्तर तूच लिही, बाबांच्या हातून नको.