चार वर्षांतला तिसरा फोन

"ताई, यांना फोनचे व्यसन लागले आहे का, एवढेच मला समजून घ्यायचे आहे," असे म्हणत इंदूरच्या लोकमान्य नगरातील एक गृहिणी माझ्यासमोर बसल्या, तेव्हा त्यांच्या हातात कर्जाच्या हप्त्यांचा कागद होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांचे यजमान एका औषध कंपनीत वैद्यकीय प्रतिनिधी आहेत आणि पगार बेचाळीस हजार रुपये आहे. चार वर्षांतला तिसरा फोन त्यांनी नुकताच जेल रोडवरून ९६,००० रुपयांना आणला होता, चोवीस महिने दरमहा ४,००० रुपयांच्या बोलीवर.

पुढच्या भेटीला यजमान आले, अर्थात नाखुशीनेच. "एवढ्या महाग फोनची गरज होती का?" हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही, कारण घरात तो रोज विचारला जात होता आणि त्याला आरोपाचे वळण लागले होते. त्याऐवजी फोनमध्येच नोंदला गेलेला आठवड्याचा वापर आम्ही तिघांनी मिळून पाहिला. तो दिवसाला दोन तासांहून कमी निघाला, तोही बहुतेक कॉल, व्हॉट्सॲप, नकाशे, यूपीआय आणि कंपनीला रोजचा अहवाल पाठवणे यांतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला स्थान आहे, स्मार्टफोनच्या व्यसनाला स्वतंत्र आजार म्हणून नाही. पण इथे तो वादही उद्भवत नव्हता. वापर बेताचा होता, प्रश्न खरेदीचा होता.

ही पाचही कामे पंधरा-वीस हजारांच्या फोनवर होतात, हे त्यांनी स्वतःच मान्य केले. महाग फोनमध्ये जास्तीचे पैसे मुख्यतः कॅमेरा, वेगवान प्रोसेसर आणि दीर्घ आयुष्य यांसाठी मोजले जातात; काही कंपन्या आता सात वर्षे सॉफ्टवेअर अद्ययावत करून देण्याची हमी देतात. तो फोन कोणी खरोखर सहा-सात वर्षे वापरणार असेल, तर मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. हे गृहस्थ मात्र दीर्घ आयुष्याची किंमत मोजून तो दीड-दोन वर्षांत बाजूला ठेवत होते. आधीच्या फोनची तक्रार काय, तर बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही! लिथियम-आयन बॅटरी वापराने क्षीण होतेच आणि ती बदलता येते. (मीही नातवाचे फोटो चांगले यावेत म्हणून महाग कॅमेऱ्याचा फोन घेतला आणि ते सगळे व्हॉट्सॲपवरून, म्हणजे दर्जा घटवूनच, पाठवत राहिले, तेव्हा फार शहाणपण सांगण्याचा अधिकार मला नाही.)

बॅटरीमागचे कारण तिसऱ्या भेटीत निघाले. डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बाकावर पाच-सहा प्रतिनिधी आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात, आणि काचेला तडा गेलेला यांचा फोन पाहून एकाने सर्वांसमोर टोमणा मारला होता. "तिथे माणसाला फोनवरून जोखतात, ताई." हे खोटे आहे, असे मी म्हणू शकले नाही. मी इतकेच विचारले की गेल्या वर्षी ज्या डॉक्टरांनी तुमचे औषध लिहून द्यायला सुरुवात केली, त्यांतल्या कितीजणांनी तुमचा फोन पाहिला होता. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आत गेल्यावर डॉक्टर कंपनीच्या टॅबकडे पाहतात. फोन खिशातच असतो." पत्नीने त्यांच्याकडे पाहिले, पण त्या क्षणी काही बोलल्या नाहीत, त्या दिवसातली सर्वांत उपयोगी गोष्ट मला तीच वाटते.

मग कागद उघडला. "व्याज नाही" असे सांगून क्रेडिट कार्डावर दिलेल्या हप्त्यात बँक सहसा व्याज लावतेच. तेवढी सूट विक्रेता किमतीत देतो, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क ग्राहकाकडे राहते. रक्कम मोठी नव्हती, तरी ती आजवर दोघांनीही वाचलेली नव्हती.

नवा फोन त्यांनी विकला नाही, कारण मिळणारे पैसे उरलेल्या हप्त्यांपेक्षा कमी भरत होते. जुन्याची बॅटरी बदलून तो सासूबाईंना दिला. नवा फोन किती वर्षे चालवायचा, यावर मात्र एकमत झाले नाही: ते चार म्हणाले, त्या सहा. त्यात मी पडले नाही.