कॉटन ग्रीनला उतरा, दुपारी साडेबाराच्या आत

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी मुंबईत नवीन आलोय, दादर-गिरगावातली नावाजलेली ठिकाणं सगळेच सांगतात, पण ज्या भागाचं नाव कुणी घेत नाही तिथे स्वस्त आणि चांगलं जेवण कुठे मिळेल? माझं उत्तर तयार आहे. हार्बर लाइन पकडा आणि कॉटन ग्रीनला उतरा.

रे रोड आणि शिवडीच्या मधलं हे स्टेशन. काम असल्याशिवाय इथे सहसा कुणी उतरत नाही. पूर्वेला बंदराची जमीन, गोदामं, ट्रकच्या रांगा आणि कापसाचा बाजार कुलाब्याहून इकडे आला त्या काळाची आठवण असलेली कापूस बाजाराची इमारत. पश्चिमेला काळाचौकी, अभ्युदय नगर आणि थोडं खाली घोडपदेव. मी विम्याच्या सर्व्हेचं काम करते. पाण्यात भिजलेला, आगीत सापडलेला माल बघायला गोदामांत जावं लागतं, आणि एकदा मोजणी सुरू झाली की दुपार कधी उलटते ते कळत नाही. अशाच एका दुपारी मी माथाडी, म्हणजे गोण्यांची चढ-उतार करणाऱ्या कामगारांच्या टोळीच्या मुकादमांना विचारलं, इथे जेवायला कुठे मिळेल? ते म्हणाले, "काकींकडं जावा की मॅडम. आमी समदी तितंच जेवतो."

काकींची खाणावळ घोडपदेवच्या बाजूला एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर आहे. पाटी नाही. दाराबाहेर पाण्याचा पिंप असतो आणि दुपारी तिथे हात धुणाऱ्यांची गर्दी असते, तीच खूण. आत चार बाकडी. काकी मालवणकडच्या, त्यामुळे मासे, सोलकढी, उकड्या तांदळाचा भात हे ओघाने आलंच. पण जेवणारे बहुतेक सातारा, सांगलीकडचे. त्यांना भाताने पोट भरल्यासारखं वाटत नाही. म्हणून या घरात ज्वारीची भाकरी शिरली, आणि आता बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट रश्शात, गरम भाकरी चुरून खाणारे लोक तुम्हाला तिथे रोज दिसतील. हे असं ताट मालवणातही मिळत नाही आणि साताऱ्यातही. ते कापडगिरण्यांच्या या जुन्या कामगारवस्तीत, गिरणगावातच मिळतं.

त्या तिखल्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. मिरची, धणे आणि हळद पाट्यावर वाटतात, खोबरं अगदी बेताचं. आंबटपणाला कोकमं. आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. ती चावायची नसतात, बाजूला काढायची, पण रश्शात त्यांचा जो वास उतरतो तो दुसऱ्या कशाने येत नाही. सोलकढी आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची असते, नारळाचं दूध सकाळी काढलेलं, त्यात ठेचलेला लसूण. बोंबील तळायचे असतील तर काकी आधी ते चिरून, फडक्यात गुंडाळून वर पाटा ठेवतात. सगळं पाणी निघालं की मगच मसाला आणि तांदळाचं पीठ. म्हणून ते बाहेरून कुरकुरीत होतात आणि तव्यावर मोडत नाहीत. मी शेवटची जेवले तेव्हा साधं ताट 80 रुपयांना होतं आणि मच्छीचं 140 ला. भात आणि आमटी पाहिजे तितकी.

इतक्या कमी पैशांत हे परवडतं कसं, असं कुणालाही वाटेल. मी सर्व्हेवाली, त्यामुळे हिशेब विचारल्याशिवाय मला राहवलं नाही. पहिलं कारण भाऊचा धक्का. हा मासळीचा धक्का इथून जवळ, आणि पहाटेच्या लिलावाला काकींचा मुलगा स्वतः जातो. पापलेट-सुरमईच्या वाटेला ते जातच नाहीत. बांगडा, बोंबील, मांदेली, जे त्या दिवशी टोपलीच्या भावात स्वस्त मिळेल ते. दुसरं कारण, जेवणारे ठरलेले. बरेच जण महिन्याचे मेंबर, म्हणजे किती माणसं येणार हे सकाळीच माहीत असतं आणि संध्याकाळी टाकून द्यायला काही उरत नाही. मेनूकार्ड नाही, आज जे शिजलंय तेच. आणि जागा जुन्या पागडीची, म्हणजे भाडं अगदी नावापुरतं, नाहीतर या भावात ताट निघालंच नसतं.

ही पद्धत काकींनी शोधलेली नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातून, घाटावरून आलेले हजारो कामगार गाळ्यांत दाटीवाटीने राहायचे. घरच्या बायका गावी. त्यांना जेवू घालायचं काम चाळींतल्या बायकांनी उचललं. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या चुलीवर. किराणा उधारीवर आणि व्याज सावकाराचं. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मग 18 जानेवारी 1982 पासून कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि किती तरी घरं या खाणावळींच्या जिवावर तगली. काकींच्या सासऱ्यांची गिरणीतली नोकरी त्यातच गेली. सासूबाईंनी मेंबर घ्यायला सुरुवात केली ती तेव्हा. गिरणी कामगार गेले, पण गोदामांचे माथाडी राहिले, आणि चूल चालू राहिली. मुंबईच्या इतिहासाबद्दल बोलताना आपण गिरण्यांच्या चिमण्या दाखवतो. या बायकांचा हिशेब कुणी मांडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कामाचं. साडेबाराच्या आत पोचा. एक वाजल्यानंतर टोळ्या सुटतात आणि दोन वाजता काकी सरळ सांगतात, "मासो सपलो. आमटी व्हयी?" बाकडं कुणाच्याही शेजारी मिळेल, तिथे बसायचं. जेवण झालं की उठायचं, कारण मागे माणूस उभा असतो आणि त्याची सुट्टी मोजकी असते. गप्पा मारत बसायची ही जागा नाही. ताटाचे फोटो काढत बसू नका, दिवसभर पाठीवर गोणी वाहिलेल्या माणसाला जेवताना कॅमेरा नको असतो. बाई एकटी जाऊ शकते का? अगदी बिनधास्त. मी जाते. पहिल्याच दिवशी बाकड्यावरची माणसं न सांगता सरकली आणि कुणीतरी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

जागेचा नेमका पत्ता मी मुद्दाम देत नाहीये. चार बाकड्यांवर गर्दी वाढली तर रोजच्या माणसालाच उभं राहावं लागेल. कॉटन ग्रीनला उतरून घोडपदेवच्या दिशेने चाला आणि एखाद्या माथाडीला विचारा, तो न्यायला येईल. काकींचंच दार सापडायला हवं असंही नाही. दारूखाना नावाच्या भागात लोखंडाच्या भंगाराच्या बाजारामागे, शिवडीत, माझगावात, जिथे जिथे दुपारी अंगमेहनतीची माणसं एकाच दिशेने चालताना दिसतात तिथे अशी एखादी चूल असतेच. रोज जेवणाऱ्याला वाईट खाऊ घालून खाणावळ आठवडाभरही चालत नाही, म्हणून मला परीक्षणांपेक्षा त्या चालणाऱ्या माणसांवर जास्त भरवसा वाटतो.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या माशाची अपेक्षा ठेवू नका. त्या दिवसांत सुकट, सुके बोंबील, कधी सोडे घातलेलं वांगं. मला तर ते ताज्यापेक्षाही आवडतं. सोमवारी आणि संकष्टीला मासे नसतात, काळ्या वाटाण्याचं सांबारं असतं, आणि त्या दिवशी गर्दीही कमी, तेव्हा पहिल्यांदा जायला सोमवार बरा. गणपतीत मात्र जाऊ नका. काकी गावी असतात आणि परत कधी येणार हे त्यांच्या मुलालाही नक्की सांगता येत नाही.