बेड रिकामा आहे, पण ते कुणाला ठाऊक आहे?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही 26 वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढलीत. लेक नर्सिंगच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिच्या मनानं घेतलंय की आपण रुग्णालयाच्या कमांड सेंटरमध्येच, म्हणजे सगळ्या बेडांची आणि पेशंटच्या हालचालींची माहिती पडद्यावर पाहून सूत्रं हलवणाऱ्या खोलीत, काम करायचं. त्यासाठी सहा महिन्यांचा एक ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स तिला पदवी हातात पडायच्या आधीच करायचाय. तुम्ही विचारता, ‘पडद्यासमोर बसणं ही कसली रुग्णसेवा? आणि ही लाट ओसरली तर पोरीनं काय करायचं?’

लेकीनं क्षेत्र चांगलं निवडलंय. चुकतोय तो क्रम. तिला आधी वॉर्ड लागेल, मग पडदा. असं का म्हणतो ते सांगतो.

बेडचं वाटप करणारे, दुसऱ्या रुग्णालयातून येणाऱ्या पेशंटचे फोन घेणारे, अ‍ॅम्ब्युलन्स पाठवणारे, स्ट्रेचरसाठी वॉर्डबॉय धाडणारे, हाउसकीपिंगचे सुपरवायझर ही सगळी माणसं एरवी वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात आणि दिवसभर एकमेकांना फोन लावत राहतात. त्यांना एका खोलीत आणायचं, आणि कुठला बेड भरलाय, कुठला आज रिकामा होणार, कॅज्युअल्टीत किती जण ताटकळलेत, ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) कोण बाहेर येतोय, हे सगळं सगळ्यांना एकाच वेळी दिसेल असं करायचं. कमांड सेंटर म्हणतात ते एवढंच. विमानतळाच्या कंट्रोल टॉवरशी त्याची तुलना करतात, पण विमानाला डिस्चार्ज समरी लागत नाही. इथलं काम त्याहून गुंत्याचं आहे.

माझ्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा एका मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत ते पाच तास स्ट्रेचरवर होते. ‘वर बेड नाही’ एवढंच उत्तर मिळत होतं. शेवटी मीच लिफ्टनं वर गेलो. ऑर्थोच्या वॉर्डात खिडकीजवळचा बेड मोकळा होता, चादर चुरगळलेली, सलाइनचा स्टँड तसाच उभा. पेशंट दुपारीच घरी गेला होता. सिस्टरना वाटत होतं की हाउसकीपिंगला कळवलंय. हाउसकीपिंगला कुणी कळवलंच नव्हतं. आणि खाली बेडचा हिशेब ठेवणाऱ्याच्या वहीत तो बेड अजून भरलेलाच होता. कामचुकार कुणीच नव्हतं, त्या सिस्टर तर जेवायलाही गेल्या नव्हत्या. तीन माणसांना एकच गोष्ट एकाच वेळी माहीत नव्हती, आणि त्यापायी माझे वडील पाच तास कण्हत होते. म्हणून तुमचा पहिला प्रश्न मला जिव्हारी लागला. ताई, तो बेड वेळेत मोकळा करून देणं ही रुग्णसेवाच आहे. फक्त पेशंटला त्या माणसाचा चेहरा दिसत नाही.

आता बाजाराकडे येतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयानं जीई हेल्थकेअरला सोबत घेऊन 2016 मध्ये असं केंद्र सुरू केलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. कॅज्युअल्टीतल्या पेशंटला बेड मिळण्याचा वेळ 30 टक्क्यांनी कमी झाला, ऑपरेशन संपल्यावर बेडअभावी ओटीत थांबावं लागण्याचं प्रमाण 70 टक्क्यांनी घटलं, हे आकडे रुग्णालयानंच जाहीर केले. पाठोपाठ 2017 मध्ये टोरांटोचं हंबर रिव्हर आणि 2019 मध्ये इंग्लंडमधली ब्रॅडफर्ड रॉयल इन्फर्मरी या वाटेनं गेली. पुढे कोविडनं तर बेड मोजता येणं म्हणजे काय हे सगळ्यांनाच शिकवलं. मागणी वाढण्यामागची कारणंही टिकाऊ आहेत: माणसं जास्त जगतात, दीर्घ आजार वाढलेत, नर्सेस पुरत नाहीत, आणि नवी इमारत बांधण्यापेक्षा आहेत ते बेड नीट फिरवणं स्वस्त पडतं.

या शेवटच्या मुद्द्यामागे एक साधं गणित आहे. लेकीला ते अवश्य करायला लावा. रोज 30 पेशंट दाखल होतात आणि प्रत्येक जण सरासरी 5 दिवस राहतो, तर कुठल्याही क्षणी 150 बेड भरलेले असणार. मुक्काम फक्त अर्ध्या दिवसानं कमी झाला, तर 135 बेडांत भागतं. एक वीटही न रचता 15 बेड हाती आले! रोज येणारे पेशंट गुणिले मुक्कामाचे दिवस म्हणजे भरलेले बेड: अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये हा नियम सिद्ध केला आणि रांगांच्या शास्त्राचा तो पाया आहे. आणखी एक गोष्ट: बेड सरासरी 85 टक्क्यांच्या वर भरलेले राहू लागले की अचानक आलेल्या पेशंटला जागा न मिळण्याचा धोका झपाट्यानं वाढतो, असं ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या 1999 च्या एका अभ्यासात दिसलं. ‘सगळे बेड फुल’ म्हणजे रुग्णालय छान चाललंय, असं मानणाऱ्या व्यवस्थापकाला हे समजावणं हाही या नोकरीचाच भाग.

पण तो अर्धा दिवस कुठून कमी करायचा? इथे तुमची 26 वर्षं कामाला येतात. डॉक्टर सकाळी दहाच्या राउंडला ‘आज घरी जा’ म्हणतात आणि पेशंट संध्याकाळी पाचला निघतो. मधले सात तास कुठे जातात ते पडद्याला ठाऊक नसतं, तुम्हाला ठाऊक असतं. समरी लिहिणारा ज्युनियर डॉक्टर ओटीत अडकलेला असतो. उरलेली औषधं फार्मसीत परत जायची असतात. विम्याची मंजुरी यायची असते. न्यायला येणारा मुलगा कामावरून सुटायचा असतो. आणि कधी कधी म्हातारीला एकट्या घरी जायची भीती वाटते, म्हणून ती ‘अजून चक्कर येते’ म्हणते. पडद्यावर या सगळ्याचा एकच पिवळा ठिपका दिसतो: ‘डिस्चार्ज प्रलंबित’. तो ठिपका पाहून फार्मसीला फोन करायचा, विम्याच्या खिडकीशी बोलायचं की त्या आजीशेजारी कुणाला बसायला पाठवायचं, हे वॉर्डात उभं राहिलेल्या माणसालाच उमगतं. म्हणूनच अशा केंद्रांत बेड मॅनेजर आणि ट्रान्सफरचे फोन घेणाऱ्या जागांवर अनुभवी नर्सेस बसवतात. नुसतं सर्टिफिकेट घेऊन आलेली मुलगी तिथे वॉर्डाला फोन करून ‘पेशंट वर घ्या’ म्हणेल, पलीकडची सिस्टर ‘आत्ता जमणार नाही’ म्हणेल, आणि पुढे काय बोलायचं ते हिला सुचणार नाही. त्या सिस्टरच्या हाताखाली आज किती सिरियस पेशंट आहेत हे विचारायचं असतं, हेच तिला कुणी शिकवलेलं नसेल.

लाट ओसरण्याची तुमची भीती मी उडवून लावणार नाही. ब्रॅडफर्डच्या केंद्राचा संशोधकांनी नंतर अभ्यास केला, तेव्हा रुग्णसुरक्षेत ठळक सुधारणा हाती लागली नाही. नुसते पडदे टांगून काही होत नाही. आज माणसं करतात त्यातली काही कामं उद्या सॉफ्टवेअर करील, काही रुग्णालयं हौसेनं केंद्र उघडतील आणि गुंडाळतीलही. पण पेशंट कुठे अडतो हे ओळखून त्याला पुढे सरकवणं ही गरज रुग्णालय आहे तोवर राहणार, मग त्या खोलीच्या दारावर पाटी कुठलीही असो. लेकीनं हे कौशल्य कमवावं, एखाद्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर आयुष्य बांधू नये. उद्या कमांड सेंटर नाही मिळालं तरी नर्सिंग सुपरवायझर, क्वालिटी विभाग, टेली-आयसीयू (दुरून आयसीयूतल्या पेशंटवर लक्ष ठेवणं), रुग्णालय प्रशासन या वाटा तिला मोकळ्या राहतील.

नोकरीची दुसरी बाजूही तिला आधीच सांगून ठेवा. ही केंद्रं चोवीस तास चालतात, रात्रपाळी चुकत नाही. जबाबदारी मोठी आणि अधिकार बेताचा. दिवसभर लोकांना पटवायचं असतं. कुणी आभार मानायला येत नाही.

तर आता काय करायचं? पदवीनंतर दोन-तीन वर्षं वॉर्ड, त्यातली काही आयसीयूत किंवा कॅज्युअल्टीत. त्याच काळात एक्सेल पक्कं करावं, मग एसक्यूएल शिकावं, म्हणजे रुग्णालयाच्या डेटाला स्वतः प्रश्न विचारता येतील. पेशंट दाखल झाला, हलवला, घरी गेला ही माहिती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे एचएल7 नावाच्या ठरलेल्या भाषेत जाते. तिची तोंडओळख असली तरी आयटीवाल्यांशी बरोबरीनं बोलता येतं. त्यानंतर हेल्थ इन्फर्मॅटिक्स (आरोग्याच्या माहितीचं संगणकीय शास्त्र) किंवा रुग्णालय प्रशासनात पदव्युत्तर शिक्षण घ्यावं. तेव्हा ते डोक्यात शिरेल, कारण प्रत्येक धड्याला तिच्याकडे आठवणीतला एक पेशंट असेल.

सुरुवात मात्र याच पोस्टिंगला करता येईल. एक छोटी वही घ्यायला सांगा. रोज एका डिस्चार्जच्या वेळा टिपायच्या: डॉक्टरांनी सांगितलं कधी, समरी झाली कधी, बिल झालं कधी, पेशंट निघाला कधी, बेड पुसून तयार झाला कधी, आणि पुढचा पेशंट त्यावर आला कधी. नावं नाहीत, नुसत्या वेळा. वीस पेशंट झाले की रात्री जेवणं आटोपल्यावर तुम्ही दोघी ती वही घेऊन बसा. उशीर कुठे झाला ते ती आकड्यांवरून सांगेल, का झाला ते तुम्ही सांगा.

त्या सर्टिफिकेट कोर्सचे पैसे तूर्त भरू नका. त्यांना दोनच प्रश्न विचारा: शिकवणाऱ्यांपैकी कितीजणांनी प्रत्यक्ष कमांड सेंटरमध्ये पाळी केली आहे, आणि एखाद्या चालू केंद्रात बसून काम पाहायला मिळेल का? उत्तरं आली की मला कळवा, आणि सोबत त्या वहीच्या पहिल्या वीस नोंदीही पाठवा.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक