साहित्यिक एजंट नवोदित लेखकाच्या हस्तलिखितात नेमकं काय बघतात? माझी पहिली मराठी कादंबरी लिहून झाली आहे.

आधी पहिली दहा पानं बघतात. ती वाचून अकरावं पान उलटावंसं वाटतं का, एवढंच. सोबतचं पत्र आणि कथासारांश त्या दहा पानांपर्यंत पोचवण्यापुरते.

मला हे कळायला दोन वर्षं लागली. माझी इंग्रजी कादंबरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका टर्नरच्या घराची. वडील तिथेच लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर होते. आमच्या घरात घड्याळापेक्षा भोंग्याला मान. दिल्लीच्या एका एजंटबाईंना हस्तलिखित पाठवलं, दीड महिन्याने त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "एकसष्टाव्या पानावर बाप मशीन बंद करतो, सुताच्या वेस्टने लेथचा चक पुसतो आणि घरात शिरताना उजवा हात खिशात घालतो, बायकोला बोट दिसू नये म्हणून. तुमचं पुस्तक तिथे सुरू होतं. आधीची साठ पानं काढाल?"

त्या साठ पानांत तलावपाळीवरचा पाऊस होता, कोपिनेश्वराची घंटा होती. माझे मामा मराठीचे निवृत्त शिक्षक, त्यांना तीच पानं सगळ्यांत आवडलेली. म्हणाले, "वातावरणाशिवाय माणसं उभी राहत नाहीत. एजंट म्हणजे दलाल, त्याला खपणारा माल हवा." मी मामांचं ऐकलं आणि बाईंना नाही म्हटलं. नंतर नऊ जणांना पाठवलं. कुणाचं साधं उत्तर आलं नाही.

एका रात्री वडिलांना मराठीत सांगत सांगत ते सगळं वाचून दाखवलं. पावसाच्या पानांना ते नुसते हूं हूं करत होते. एकसष्टाव्या पानाला उठून बसले. म्हणाले, "चक डाव्या हाताने पुसला होता. उजव्या हाताला चिंधी होती ना." दुसऱ्या दिवशी साठ पानं काढली, हात बदलला आणि त्याच बाईंना पुन्हा पाठवलं. त्यांनी पुस्तक घेतलं.

एजंट हेच शोधतात: फक्त तुम्हालाच ठाऊक असलेली गोष्ट, आणि सांगितल्यावर पुन्हा लिहायला बसायची तयारी. ओळखपाळख लागत नाही, मी कुणाला ओळखत नव्हते. कादंबरी मात्र पूर्ण हवी. कथेतर पुस्तक असेल तर आराखडा आणि दोन-तीन प्रकरणं चालतात. एजंटचं कमिशन साधारण १५ टक्के, तेही पुस्तक प्रकाशकाला विकलं गेल्यावर. नुसतं वाचायचे पैसे मागणाऱ्याकडे फिरकू नका.

तुम्ही मराठीत लिहिता, तेव्हा हे आधीच सांगायला हवं होतं: मराठीत एजंट जवळपास नाहीतच. थेट प्रकाशकाकडे जा, त्याआधी दिवाळी अंकांना कथा पाठवा. लेखकाला पुन्हा लिहायला बसवायचं काम आपल्याकडे संपादकांनी केलं. मामांच्या कपाटात 'सत्यकथा' मासिकाचे अंक बांधून ठेवलेले आहेत. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवोदितांना पत्रं लिहून कथा दुरुस्त करायला लावत, हे मामाच आम्हाला अभिमानाने सांगायचे. भागवत-पटवर्धनांनी सांगितलं तर ते संपादन, आणि दिल्लीच्या बाईंनी तेच सांगितलं तर दलाली? पुस्तक विकलं नसतं तर त्या बाईंना एक पैसा मिळणार नव्हता, तरी त्यांनी माझं हस्तलिखित दोनदा वाचलं. मामांनी एकदा वाचलं, तेही साठ पानांपर्यंतच.