एक्स-रे नॉर्मल आहे, मग सीटी कशाला?

प्रश्न : सासरे 61 वर्षांचे आहेत, चाळीस वर्षं रोज एक पाकीट सिगरेट ओढली, आता दोन वर्षं बंद आहे. त्रास काहीच नाही. दरवर्षी छातीचा एक्स-रे काढतो, नॉर्मल येतो. दीर म्हणतात सीटी करून घेऊ. स्कॅनने माणूस खरंच जास्त जगतो का नुसतं बिल वाढतं?
– एक सूनबाई, सांगली

उत्तर : ताई, या बाबतीत दिरांचं ऐका. एक्स-रेत बारीक गाठ बरगडीमागे, हृदयामागे सहज लपते. अमेरिकेत दीड लाखावर लोकांवर अभ्यास झाला, 2011 मध्ये निकाल आला, दरवर्षी एक्स-रे काढून फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू काही कमी झाले नाहीत. त्याच वर्षी तिथल्याच दुसऱ्या अभ्यासाचा निकाल आला, 53 हजार लोक, वय 55 ते 74, सगळे भरपूर सिगरेट ओढलेले, म्हणजे तुमच्या सासऱ्यांसारखेच. त्यात लो-डोस (म्हणजे कमी रेडिएशनच्या) सीटीवाल्यांमध्ये एक्स-रेवाल्यांपेक्षा या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी निघाले.

मी मृत्यूच मोजतोय, 'निदानानंतर किती वर्षं जगला' हे नाही, कारण तो आकडा फसवा असतो. समजा एखादा माणूस सत्तराव्या वर्षी जाणारच आहे, कॅन्सर 68 ला कळला तर 'दोन वर्षं जगला', 65 ला कळला तर 'पाच वर्षं जगला', पण आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही ना! जाहिराती नेमका हाच आकडा दाखवतात.

आता दुसरी बाजू. त्या अभ्यासात स्कॅनमध्ये काहीतरी दिसलं अशा 100 रिपोर्टपैकी 96 मध्ये कॅन्सर नव्हताच. आपल्याकडे तर जुन्या टीबीचे डाग कितीतरी जणांच्या छातीत असतात, आणि टीबी पेट (PET) स्कॅनवरही, म्हणजे जास्त साखर खाणाऱ्या पेशी चमकवून दाखवणाऱ्या स्कॅनवरही, कॅन्सरसारखाच चमकू शकतो, त्यामुळे नुसत्या चमकण्यावरून घाबरून जाऊ नका, गरज लागलीच तर बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) करतात. बारीक डाग असेल तर बहुतेक वेळा काही महिन्यांनी परत स्कॅन करून वाढलाय का एवढंच बघतात, ते थांबणं घरच्यांना फार जड जातं हे खरं.

सेंटरवर 'लो-डोस' असं स्पष्ट सांगा, रेडिएशन साध्या सीटीच्या साधारण पाव भाग असतं. पूर्वी टीबी झाला असेल तर तेही सांगा, जुन्या फिल्म सोबत न्या. आणि मधेच थुंकीतून रक्त आलं, वजन उतरायला लागलं तर वार्षिक तपासणीची वाट बघू नका, सरळ छातीच्या डॉक्टरांना दाखवा, तेव्हा लागणारा सीटी वेगळा असतो.