ॲम्निओसेंटेसिसमध्ये सुई बाळाला लागते का? धोका किती असतो?

डबल मार्कर (बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा जन्मजात दोष असण्याची शक्यता सांगणारी तपासणी) 1:120 आलाय, डॉक्टर ॲम्निओ (ॲम्निओसेंटेसिस, म्हणजे पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढून तपासणं) करा म्हणतात आणि सासूबाईंना धास्ती आहे की सुई बाळाला लागेल, असं तुम्ही लिहिलंय. मी ही तपासणी करून घेतली आहे, म्हणून सांगते.

सासूबाईंची भीती स्वाभाविक आहे, पण सोनोग्राफीवर सतत बघत, पाण्याची मोकळी जागा हेरूनच सुई घालतात. मला पडद्यावर ती पांढऱ्या रेघेसारखी दिसत होती आणि बाळ भलतीकडेच पाय झाडत होतं. टोचताना फारसं दुखलं नाही, पाणी ओढताना मात्र ओटीपोटात कळ आली. काढतात ते जेमतेम 15-20 मिली.

खरी काळजी पुढची. पाणी झिरपणं, क्वचित जंतुसंसर्ग आणि गर्भपात. पूर्वी गर्भपाताचा धोका 100 त 1 सांगत. आता सरावलेल्या हातात तो 200 त 1 पेक्षाही कमी धरतात. जुळं असेल तर जास्त. म्हणून करणाऱ्या डॉक्टरांना, "तुम्ही या किती करता?" असं बिनधास्त विचारा. 15 आठवड्यांआधी मात्र नको. गर्भपाताचं प्रमाण वाढतं, बाळाचं पाऊल वाकडं होऊ शकतं. (11 ते 14 आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन सीव्हीएस करतात. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमियाचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) वाहक असतील तर बहुधा तेच सुचवतात.)

तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची (तुमच्या शरीराने बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू नयेत म्हणून देतात ते) आठवण तुम्हीच करा.

आता 1:120 चं. अशा 120 जणींपैकी 119 जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम नसतो. सोनोग्राफी ठीक असेल तर आधी एनआयपीटीचं (आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणाऱ्या चाचणीचं) विचारा. नुसतं तुमचं रक्त घेतात, बाळाला धोका शून्य, पण खर्चिक. शिवाय ती चाळणीच, म्हणजे शक्यता सांगते, खात्री देत नाही. पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी ॲम्निओ आहेच. सोनोग्राफीतच दोष दिसला असेल तर मात्र एनआयपीटीत दिवस घालवण्यात मला अर्थ वाटत नाही. ॲम्निओचा पूर्ण रिपोर्ट यायला 2-3 आठवडे जातात आणि बाळातल्या व्यंगासाठी गर्भपाताची कायदेशीर मुदत 24 आठवडे आहे. त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तरच, तेही मेडिकल बोर्डाच्या परवानगीने. रिपोर्ट वाईट आला तर काय करायचं, हे दोघांनी आधीच बोलून ठेवा. काही झालं तरी बाळ हवंच असेल, तर तपासणी नाकारायचा हक्क तुम्हाला आहे.

लेखी संमती घेतात, ती वाचून सही करा. मुलगा की मुलगी हे सांगणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा घरच्यांना तो प्रश्न विचारू देऊ नका.

तपासणीनंतर एक-दोन दिवस जड उचलू नका. ताप, रक्त किंवा खालून पाणी जाऊ लागलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.