गॅरेजवाल्याला विचारा: कॅचकॅन कोरडाच का राहतो?

प्रश्न : माझी टर्बो पेट्रोल गाडी डायरेक्ट इंजेक्शनची आहे. पुण्याला वरचेवर जाणं होतं. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या भागाच्या) होजमध्ये तेल दिसलं म्हणून ऑनलाइन कॅचकॅन, म्हणजे इंजिनाच्या वाफेतलं तेल पकडणारा डबा, मागवून बसवला. तो कोरडा ठणठणीत, होज मात्र अजून तेलकट. कुपवाड एमआयडीसीत नवा बनवून घेऊ का? वर छोटा फिल्टर लावून वाफ बाहेर सोडली तर?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : आधी तो डबा उघडून आत बघा. नुसती पोकळी असेल, तर तो शोभेचा आहे. बॉनेट उघडल्यावर निळा-लाल चकाकतो, एवढंच त्याचं काम.

पिस्टन रिंगांमधून थोडा गॅस खाली निसटतोच. तो तेलाचे बारीक कण घेऊन, वाफेसारखा, ब्रीदरच्या नळीतून वर येतो. गाडी आयडलला असताना तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (ही वाफ इंजिनात परत सोडणारी एकतर्फी झडप) मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या पाइपांत, ओढला जातो. खंबाटकी चढताना टर्बोचं प्रेशर आलं की तो व्हॉल्व्ह बंद होतो आणि सगळी वाफ टॅपेट कव्हरवरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणावरच्या) दुसऱ्या पाइपने टर्बोच्या तोंडाशी जाते. तुमच्या होजमधलं तेल बहुतेक याच वाटेचं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह धूत नाही, म्हणून या तेलाची काजळी तिथेच चिकटून बसते.

हे कण पकडायचे तर वाफेचा वेग कमी व्हायला हवा, ती गार व्हायला हवी आणि कशावर तरी आपटायला हवी. भाताच्या झाकणाला थेंब धरतात, तसं. कुपवाडला जरूर बनवून घ्या. ८० मिमी व्यासाचा, १८० मिमी उंचीचा अ‍ॅल्युमिनियम पाइप घेतला तर पाऊण लिटरच्या वर जागा मिळते. झाकण आणि नळ्या आर्गॉन वेल्डिंगने. आत येणारी नळी जाळीच्या खाली उघडू द्या, बाहेर जाणारी सगळ्यात वर. मध्ये भोकं पाडलेल्या दोन पत्र्यांत स्टेनलेसची जाळी घट्ट दाबून बसवा. भांडी घासायची साधी तारेची घासणी नको. तिचे तुकडे सुटले तर थेट टर्बोच्या पंख्यात. तळाशी आणखी एक भोकांचा पत्रा, म्हणजे वळणावर साठलेलं तेल उसळणार नाही. खाली कॉक.

आता पुढचं नीट वाचा, कारण घरगुती डब्यांची गडबड इथेच होते. होज मूळ पाइपपेक्षा बारीक नको आणि जाळी इतकी गच्च नको की फुंकर जाणार नाही. वाफ तुंबली की ऑइल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) प्रेशर वाढतं. टर्बोचं तेल स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये उतरतं. खाली प्रेशर असलं की ते वरच अडतं आणि सीलमधून गळतं. मग निळा धूर. तेल थांबवायला बसवलेल्या डब्यानेच तेल जाळलं म्हणायचं! होजही तेल सोसणारा, नायट्राइल रबरचा घ्या. हीटरचा होज तेलाने फुगून मऊ पडतो.

डबा टर्बो आणि सायलेन्सरपासून लांब, ग्रिलमागे वारा लागेल तिथे बसवा. टॅपेट कव्हर ते टर्बोच्या आधीचा पाइप, याच लाइनमध्ये तो हवा. पीसीव्हीच्या लाइनला हात लावू नका.

वरचा फिल्टर नको. ही वाफ इंजिनातच परत जाऊन जळली पाहिजे, बाहेर सोडणं नियमात बसत नाही. शिवाय केबिनमध्ये वास येतो तो वेगळाच. आणि गाडी वॉरंटीत असेल, तर पाइप कापण्याआधी शोरूमला विचारा.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर कॉक उघडून बघा. थंडीत दुधाळ, पेट्रोलचा वास येणारं पाणी निघेल, घाबरू नका. ते इंजिनात परत ओतायचं नाही, जुन्या ऑइलच्या कॅनमध्ये टाका. तेवढ्यात डबा अर्धा भरला असेल, तर आधी डिपस्टिकवर ऑइल जास्त भरलंय का बघा. नसेल, तर कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब किती बनतो आणि त्यातून हवा किती निसटते ते बघणाऱ्या) करून घ्या. त्यात दोष निघाला, तर रोग बहुतेक रिंगांत आहे आणि कितीही चांगला डबा त्याला पुरणार नाही.